महापालिकेच्या सभागृहास खुले पत्र: शहराचा आराखडा ठेक्यावर देऊ नका

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सभागृहाचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या सर्वसाधारण सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून एक ठराव आला आणि चर्चा न होताच एकमताने मंजूर झाला. शहराच्या विकास आराखड्याची (कुठल्या जमिनीवर काय व्हावं हे ठरवणाऱ्या नकाशाची) सुधारणा बाहेरच्या सल्लागार संस्थेकडे सोपवायची. जमीन वापराचं सर्वेक्षण, नकाशे, आरक्षणांचे (शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी जागा राखण्याचे) प्रस्ताव, इतकंच काय नागरिकांच्या हरकतींवरचे अभिप्रायसुद्धा त्या संस्थेनंच तयार करायचे. आणि नगररचना विभागातल्या रिकाम्या जागा आता भरायच्या नाहीत, लागतील तशी माणसं मनुष्यबळ पुरवठ्याच्या ठेक्यातून घ्यायची. त्याच सभेत पाणीपट्टीवरून चांगलीच खडाजंगी झाली. ती व्हायलाच हवी होती. पाणीपट्टीचं बिल दरवर्षी घरी येतं, लोक नगरसेवकाचं दार वाजवतात. आराखड्यातली चूक बाहेर पडायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तोवर दार वाजवायला कुणाकडे जायचं हेच कळेनासं होतं.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असे ठराव आता इतक्या ठिकाणी होत आहेत की राज्यातल्या कुठल्याही महापालिकेनं वा नगरपरिषदेनं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

मी या कामात रचना सहायक म्हणून लागलो आणि नगररचनाकार म्हणून निवृत्त झालो. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेननं रेघा ओढायच्या आणि अमोनिया प्रिंट काढताना नाकाला रुमाल लावायचा, त्या काळात सुरुवात केली. शेवटची काही वर्षं संगणकावरच्या नकाशांत गेली. आता मला कुठलं पद नको, कुठल्या समितीवर जायचं नाही आणि सल्लागारीही करायची नाही. तरीही गप्प बसवत नाही, याचं एक कारण घरी येणारी मुलं. नगर नियोजनाची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं-मुली ओळखीनं भेटायला येतात आणि एकच विचारतात: 'सर, महापालिकेत जावं की कन्सल्टन्सीत?' इतकी वर्षं मी बिनदिक्कत सांगत आलो की महापालिकेत जा. पगार सुरुवातीला कमी वाटेल, साहेब लोक त्रास देतील, फायलींचा कंटाळा येईल. पण एकाच शहराला वर्षानुवर्षं जवळून बघायला मिळतं ते फक्त तिथं. तुमच्या ठरावानंतर हा सल्ला देण्यात अर्थ उरलेला नाही. ज्या जागेवर जा म्हणून सांगायचं ती जागाच तुम्ही काढून टाकलीत.

सल्लागारांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. ड्रोनचं उड्डाण, जीआयएस (संगणकावरचे नकाशे), वाहतुकीची मोजणी, भूजलाचा अभ्यास ही कामं बाहेरून करून घ्यावीत. खात्यात ती कौशल्यं कमी आहेत आणि यंत्रं तर नाहीतच. माझी हरकत आहे ती त्यापुढच्या कामाला. नकाशा हाती आल्यावर त्यावर काय खरं आणि काय खोटं हे ठरवणं, कुठली जागा कशासाठी राखायची हे सुचवणं, आणि ज्याची जमीन जाते त्याचं म्हणणं ऐकून उत्तर देणं, या तीन गोष्टी ठेक्यात घालण्याजोग्या नाहीत.

पहिल्या गोष्टीचं उदाहरण देतो. एका जमीन वापर सर्वेक्षणात गावनकाशावर ओढ्याची दुहेरी रेघ ठळक होती. उपग्रहाच्या चित्रात त्याच जागी पत्र्याची शेडं आणि मुरूम पसरलेलं मैदान दिसत होतं, म्हणून नकाशा करणाऱ्या मुलानं निम्मा भाग औद्योगिक वापर आणि निम्मा रिकामी जमीन असा दाखवला. चित्रात जे दिसलं तेच त्यानं दाखवलं होतं, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही जागेवर गेलो. शेडच्या मागच्या अंगाला, झुडपांत, जुन्या दगडी मोरीचं तोंड अर्धं बुजलेलं सापडलं. आणि शेडच्या भिंतीला जमिनीलगत ओळीनं भोकं पाडलेली होती. शेजारी भांडी घासत बसलेल्या बाईंना विचारलं, ही भोकं कसली? त्या म्हणाल्या, 'मालकानंच पाडलीत. नाहीतर पावसाळ्यात आत गुडघाभर पाणी साचतं.' ओढा बुजवणाऱ्यालाच पाण्यासाठी भिंत फोडावी लागली होती! पत्र्याच्या वळचणीखालची ती भोकं वरून दिसणं शक्य नव्हतं. नकाशात ओढा परत आला, दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा सोडावा असं टिपणीत लिहिलं गेलं, आणि त्या जमिनीवरचा रहिवासी झोनचा प्रस्ताव मागे पडला. बुजवलेल्या ओढ्यांवर घरं झाली की काय होतं, ते पुण्यानं 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याकाठी पाहिलं आणि मुंबईनं 26 जुलै 2005 ला मिठीकाठी.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नसतं. कुठल्या गटाची मोजणी वादात आहे, कुठल्या ले-आउटमधली ओपन स्पेस कागदावर बाग आहे आणि जागेवर कुणाचं गोदाम, कुठला डीपी (म्हणजे विकास आराखड्यातला) रस्ता दोन टोकांनी झालाय आणि मधल्या तीन घरांशी अडलाय, 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) आणि सातबाऱ्याचा मेळ कुठे बसत नाही, हे विभागातल्या कुणा ना कुणाला माहीत असतं. तो माणूस निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखालच्याला सगळं कळलेलं असतं, कारण दोघं एकाच टेबलाभोवती वर्षं काढतात. ठेक्यावरचा मुलगा कितीही हुशार असो, अकरा महिन्यांचा करार संपला की तो दुसऱ्या शहरात असतो. संस्थेचं काम संपलं की ती आपल्याला पेन ड्राइव्ह देते आणि अंतिम बिल लावते. त्यानंतर एखादी हरकत न्यायालयात गेली, तर अमुक आरक्षण अमुक ठिकाणीच का टाकलं याचं उत्तर कोण देणार? प्रतिज्ञापत्रावर सही आपल्याच अधिकाऱ्याला करावी लागते, आणि जे काम त्यानं कधी केलंच नाही त्याबद्दल.

आता हरकतींबद्दल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 मध्ये आराखड्याचा रस्ता नीट आखलेला आहे. आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाला की नगररचना अधिकारी नेमायचा (कलम 24), मग सर्वेक्षण आणि विद्यमान जमीन वापर नकाशा (कलम 25), मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या (कलम 26) आणि नियोजन समितीनं सुनावणी घ्यायची (कलम 28). हरकत घ्यायला नागरिकाला तीस दिवस मिळतात. या तीस दिवसांत माणसं कशी येतात ते मी पाहिलंय. नकाशाच्या कोपऱ्यातलं उत्तर दिशेचं चिन्हही ज्यांना वाचता येत नाही, ती बोटानं स्वतःचं घर शोधत असतात. कुणाचा अर्धा गुंठा रस्त्यात जातो, कुणाच्या विहिरीवर शाळा पडते. कुणी खोटंही बोलतं, ते समजायला हवं. बिल्डरच्या हरकतींना वकिलाचं पत्र आणि रंगीत नकाशे जोडलेले असतात. गरिबाच्या हरकतीत एकच वाक्य असतं, 'आमचे घर वाचवावे'. त्या एका वाक्यामागे नेमकं काय आहे हे बघायला जागेवर जावं लागतं, आणि जाणारा माणूस असा लागतो ज्याला पुढची वीस वर्षं त्याच रस्त्यानं ये-जा करायची आहे.

ठरावानुसार या हरकतींचा तक्ता आणि प्रत्येकीपुढचा अभिप्राय संस्था भरेल. मग समितीसमोर काय राहील? हजारो ओळींचा छापील तक्ता आणि शेवटच्या रकान्यात 'शिफारस करण्यात येत नाही' हे वाक्य ओळीओळीला. सदस्यांना वेळ नसतो, हे समजू शकतो. पण ज्यानं प्रस्ताव केला त्यालाच त्यावरच्या तक्रारीचा निकाल लिहायला लावणं कुठल्या न्यायात बसतं?

याचे परिणाम काय होतात ते राज्यानं आधीच अनुभवलंय. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा सल्लागाराची मदत घेऊन तयार झाला आणि फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका आणि त्यावर इतक्या हरकती निघाल्या की एप्रिलमध्येच सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. दुरुस्त प्रारूप 2016 मध्ये आलं, मंजुरीला 2018 उजाडलं. सगळा दोष सल्लागाराचा होता असं मी म्हणणार नाही. काम तपासून घेणारी फौजच पुरेशी नसेल तर असंच व्हायचं. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेची ही गत झाली, मग आपली काय कथा?

आता ज्या विषयावर लोक गालातल्या गालात हसतात, तो. नगररचना विभागाचं नाव काढलं की टेबलाखालचा व्यवहार आठवतो, आणि तो आठवण्यासारखा आहेच. ठरावाच्या बाजूनं खासगीत मला हेच ऐकवलं गेलं: 'तुमचे लोक खातात, निदान संस्था तरी स्वच्छ काम करेल.' खाणारे होते, आहेत. पण हा मुद्दा पुरता तपासून बघा. कायम नोकरीतल्या माणसावर विभागीय चौकशी लागते, निलंबन होतं, पेन्शन अडकते. सुपात असो की जात्यात, तो सापडतो. ठेक्यावरच्या मुलाला पुढच्या महिन्यात काढता येतं, म्हणून त्याला 'हे आरक्षण जरा सरकव' असं सांगणं उलट सोपं आहे. नाही म्हणायला त्याच्या पाठीशी काय आहे? आणि जी संस्था महापालिकेचा आराखडा करते, ती त्याच शहरातल्या विकासकांचीही कामं करत असेल, तर ते उघड करण्याची अट तुमच्या ठरावात कुठे आहे? मी तीन वेळा वाचला. नाही.

आणखी एक बाब, जी सभागृहात कुणाला फारशी ठाऊक नसते आणि जिच्यात शहराची सर्वात जास्त मालमत्ता जाते. त्याच अधिनियमाचं कलम 127. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी कायद्यात सांगितलेलं पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. शाळा गेली, मैदान गेलं, दवाखाना गेला. सर्वोच्च न्यायालयानं 2007 च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलंय की नुसता संपादनाचा प्रस्ताव पाठवणं हे पाऊल धरता येत नाही, त्यासाठी भूसंपादनाची रीतसर घोषणा लागते. म्हणजे सभागृहात ठराव केला, टाळ्या वाजवल्या आणि कागद वर पाठवला, एवढ्यानं मैदान वाचत नाही.

या 24 महिन्यांचा हिशेब ठेवतो कोण? विभागातला एखादा रचना सहायक किंवा लिपिक. जाड नोंदवही असते: नोटीस कधी आवक झाली, कुठला गट, क्षेत्र किती, मालकाला टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) देऊ केला का, त्याचं उत्तर काय, भूसंपादन अधिकाऱ्याकडे प्रस्ताव कधी गेला, निधीची तरतूद आहे का. ती वही सांभाळणारा माणूस सहा महिन्यांतून एकदा बदलला की तारखा निसटतात. निसटलेली तारीख परत मिळवता येत नाही, कुठल्याही अपिलात. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात फाइल सापडत नाही म्हणून कपाटं उपसणारी माणसं मी पाहिली आहेत. ती फाइल मुद्दाम गहाळ होते की खरंच हरवते, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं. ज्या विभागात या वहीला वारस नाही, तिथं मैदानं मालकांना परत जाण्यासाठी कुणाला लाचही द्यावी लागत नाही. नुसतं थांबायचं.

पैशाचं कारण पुढे केलं जाईल. आस्थापना खर्च (म्हणजे मुख्यतः पगारांचा) 35 टक्क्यांच्या वर गेला की भरतीला परवानगी मिळत नाही, हे खरं आहे. पण ठेक्यावरच्या माणसाचा पगारही याच तिजोरीतून जातो. तो दुसऱ्या लेखाशीर्षात पडतो म्हणून टक्केवारी सुंदर दिसते, एवढंच. वर ठेकेदाराचा सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळा. नगररचना विभाग हा विकास शुल्क, प्रीमियम यांतून महापालिकेला उत्पन्न देणारा विभाग आहे, याचीही नोंद घ्यावी.

ही उणीव फक्त आपल्याकडे नाही. नीती आयोगाच्या सप्टेंबर 2021 च्या अहवालात म्हटलंय की देशातल्या राज्यांच्या नगररचना खात्यांना 12,000 हून जास्त नियोजनकार लागतील. मंजूर पदं 4,000 च्या आत आणि त्यातलीही जवळपास निम्मी रिकामी. शिकलेली मुलं आहेत, पदं नाहीत, आणि पदं आहेत तिथं भरती नाही. याच राज्यात एके काळी उलट चित्र होतं. देशातला पहिला नगररचना कायदा 1915 साली मुंबई इलाख्यात आला. बांद्रा, खार, सांताक्रूझ इथली आजही चालण्याजोगी गल्ल्यांची मांडणी त्याच कायद्याखालच्या योजनांमधून झाली, एकेका भूखंडाच्या मालकाशी बोलून, त्याची जमीन थोडी कापून, उरलेली नीट आकाराची करून परत देऊन. हे काम सरकारी नोकरांनी केलं.

सभागृहाला स्वतःच्या अधिकाराची आठवणही करून द्यावीशी वाटते. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून शहरांना जे अठरा विषय द्यायचे ठरले, त्या बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे. राज्य सरकार अधिकार काढून घेतं अशी आपली नेहमीची तक्रार असते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2015 मध्ये सरकारनं ताब्यात घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इथं तर कुणी काही न मागता आपणच तो अधिकार निविदेत घातलाय.

माझ्या मागण्या अशा.

हा ठराव फेरविचारासाठी पुढच्या सभेच्या कार्यपत्रिकेवर रीतसर विषय म्हणून घ्यावा, आयत्या वेळी नको. संस्थेचं काम मोजणी, छायाचित्रण, संगणकीय नकाशे आणि विशेष अभ्यास एवढ्यापुरतं ठेवावं. जमीन वापर नकाशाच्या प्रत्येक भागावर जागेवर जाऊन आलेल्या महापालिकेच्या अधिकाऱ्याची सही आणि तारीख असावी. हरकतींवरचे अभिप्राय विभागानंच लिहावेत आणि कारणासह लिहावेत.

नगररचना विभागाचा आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता) सुधारून रचना सहायकापासून वरची रिकामी पदं नियमित भरतीनं भरावीत. भरतीत नगर नियोजनाच्या पदवीला प्राधान्य हवं. त्यासाठी शासनाकडे 35 टक्क्यांच्या अटीतून सूट मागणारा ठराव करावा. तो करायला सभागृहाला कुणी अडवलेलं नाही.

आराखड्याचं काम चालू असताना प्रमुख अधिकाऱ्याची बदली करू नये, अशी विनंती शासनाला लेखी करावी. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यात मुदतपूर्व बदलीला लेखी कारण लागतं. निदान ते कारण जाहीर व्हावं.

सल्लागार संस्थेनं गेल्या पाच वर्षांत या शहरात कुणाकुणासाठी काम केलं ते शपथपत्रावर सांगावं, आणि कंत्राट चालू असेपर्यंत शहरातल्या कुठल्याही विकासकाचं काम घेऊ नये.

कलम 127 च्या नोटिसांची नोंदवही संकेतस्थळावर टाकावी: गट, आरक्षण, नोटिशीची तारीख, मुदत संपण्याची तारीख. याला खर्च जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे हे तरी या महिन्यात व्हायला हरकत नसावी.

प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतर जे आरक्षण हटवलं, हलवलं किंवा कमी केलं, त्याचा आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी शेजारी, उपसूचना देणाऱ्या सदस्याच्या नावासह छापावा. हे वाचून सभागृहात थोडी चुळबुळ होईल याची कल्पना आहे.

या पत्राची प्रत आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. उत्तर मला एकट्याला नको, सभेच्या इतिवृत्तात द्यावं. अंतिम निविदा निघण्याआधी ते आलं नाही, तर ठरावाविरुद्ध शासनाकडे रीतसर अर्ज करणार आहे, आणि त्या अर्जावर सह्या करायला नियोजनाची पदवी घेऊन घरी बसलेली बरीच मुलं तयार आहेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त नगररचनाकार